न्हाणीतली हिरवी खूण

अवजारांना अजून वाचा होती, त्या काळची ही गोष्ट. विश्राम ठेकेदाराने एका घराची न्हाणी दुरुस्तीला घेतली आणि कामाच्या देखरेखीला टॅब आणला.

"न्हाणीत दिवसभर पाणी भरून पाहिलं, गळती नाही," हिरवी खूण दाखवत टॅब म्हणाला. "आता फरशी बसवा."

भिंत सरळ आहे का ते पाहणाऱ्या ओळंब्याला संशय आला. जमीन तर कोरडीठाक होती, आणि बरोबर खालच्या मजल्यावर घरातल्या बाळाचा पाळणा होता.

"ओळंबेदादा, तुम्हाला सगळं वाकडंच दिसतं!" थापी फणकारली.

"बादलीताई, पाणी तू आणलंस?" ओळंब्याने विचारलं.

"मला कुणी हातही लावला नाही."

"लबाडा!" सगळे टॅबवर उखडले.

"माझ्यावर कशाला चिडता? विश्रामशेठनी 'चाचणी झाली'वर बोट लावलं, मी खूण केली."

तेवढ्यात विश्राम आत आला. फरशी बसवायला त्याने थापीला हात घातला. थापी जागची हलली नाही.