काजळी फासलेली मूठ

छावणीच्या एका गावी एके काळी एक वृद्ध कारागीर राहत असत. दगडूमिस्त्री त्यांचे नाव. परवान्याच्या, खिशात मावणाऱ्या इवल्याशा रिव्हॉल्व्हरांना लाकडी मूठ बसवून द्यावी ती त्यांनीच. मन लोण्याचे, पण जीभ कानशीसारखी! केरबा नावाचा शिष्य सहा वर्षे त्यांच्यापाशी शिकत होता. लहानपणी उसाच्या चरकात सापडून त्याचा उजवा अंगठा पेरभर आखूड झालेला, तरीही हातात कला होती.

एके दिवशी गावातले वयोवृद्ध सराफ दुकानात आले. पेढीवरून घरी जाताना कुणी त्यांच्या अंगावर धावून आला होता. शेटजींनी रिव्हॉल्व्हर काढले, तर ते हातातच फिरून खाली पडले. शेजारीपाजारी धावले म्हणून निभावले.

"मिस्त्री, हातात घट्ट बसेल अशी मूठ करा," शेटजी म्हणाले. "पुन्हा असं झालं तर मी काही वाचत नाही."

मिस्त्रींनी काम केरबाला दिले. "ही साधली तर आतल्या अंगाला तुझा शिक्का मार. मग तू स्वतंत्र कारागीर. नाही साधली, तर आहेच आपली शिकवणी!"

केरबाने शेटजींचा पंजा कागदावर आखून घेतला, उत्तम शिसवी लाकूड निवडले आणि पंधरा दिवस जिवाचे रान केले. घासायचे, हातात धरून पाहायचे, पुन्हा घासायचे. मूठ अशी उतरली की पाहत राहावे.

शेटजी पाहून हरखले. मिस्त्रींनी मात्र दिव्याची काजळी तेलात कालवली आणि त्या चकचकीत मुठीला खुशाल फासली!

"अहो, हे काय करता?" केरबा कळवळला. "पंधरा दिवसांची मेहनत आहे माझी!"

"गप रे. शेटजी, धरा बरं."

शेटजींनी रिकामे रिव्हॉल्व्हर धरून खाली ठेवले. तळहातावर काळे डाग दोनच, बाकी तळवा कोरा. मिस्त्रींनी पुन्हा काजळी फासून मूठ केरबाला धरायला लावली. त्याचा पंजा आखूड अंगठ्यासकट काळाकुट्ट झाला. त्याची मान खाली गेली.

"लाकूड झकास, हातही झकास," मिस्त्री हळुवारपणे म्हणाले. "पण पंधरा दिवस ती कुणाच्या हातात पाहत होतास? स्वतःच्याच ना? कागदावर हाताची रेघ उतरते, हात नाही उतरत. यांची करंगळी वळत नाही, ठाऊक आहे तुला? दुसऱ्यासाठी काही करायला बसलं की आपलाच हात आड येतो बाबा. माझाही येतो. म्हणून ही काजळी."

केरबाने शेटजींचा हात प्रथमच आपल्या हातात घेतला. करंगळी खरेच ताठ होती, आणि बोटांना बारीक कंप होता.

"घरी कुणाला सांगितलं नाही हो मी," शेटजी ओशाळून म्हणाले.

आठ दिवस केरबा लाकूड घासत राहिला, या वेळी शेटजींना रोज समोर बसवून. शेवटी त्याने स्वतःच काजळी फासली. शेटजींचा तळवा काळाभोर झाला आणि मूठ हातात जराही हलली नाही. "बसली रे, बसली!" म्हणत शेटजींनी तोच काळा हात केरबाच्या पाठीवर ठेवला. मिस्त्रींनी शिक्का पुढे केला.

शेटजी गेल्यावर केरबा काळ्या हातांनीच आवराआवर करू लागला. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी दिलेली कानस त्याने उचलली, खाली ठेवली, आणि थबकला. तिच्या लाकडी मुठीवर त्याचा अख्खा पंजा उमटला होता. अंगठ्यापाशी एक खोलगट जागा होती, बरोबर पेरभर आखूड. वापरून झिजली असेल, असेच तो सहा वर्षे समजत आला होता.

त्याला तो पहिला दिवस आठवला. मिस्त्री कितीतरी वेळ त्याचा हात हातात धरून बसले होते, आणि त्याला वाटले होते, म्हातारा भविष्य बघतोय.

"मिस्त्री, ही कानस..." त्याने ती पुढे धरली.

"हात धू आधी," मिस्त्री मान वर न करता म्हणाले. "आणि चहा टाक."