सुइणीच्या हातच्या पाण्याची कहाणी

ऐक सटवाई, तुझी कहाणी. माझ्याइतकी कहाणी पंचक्रोशीत कुणाला पाठ नाही. तिसरीत तीन वर्षं बसलो, पाठ झाली ती एवढीच.

आटपाट नगर होतं, तुमच्याआमच्यासारखंच. वर एक आळी, खाली एक आळी, मधे नाक मुरडायला जागा. वरच्या आळीत पाटलीण गजराबाई. तिची सून अडली. मग खालच्या आळीची धुरपा सुईण आली, आडवं पोर फिरवलं, नाळ कापली. मग काय झालं? धुरपा उंबऱ्याबाहेर पडली, गजराबाईनं तिची जागा सारवून घेतली. पोर चाललं, पोर काढणारी विटाळली! हसू नका, वाती वळा. तुमच्या सासवा काय करत होत्या?

मग पोर दूध पिईना. एक दिवस गेला, दुसरा गेला, तिसऱ्या दिवशी रडणंही आटलं. मग सटवाई म्हातारी होऊन दारी आली. गजराबाईनं पाय धरले.

"आजी, वसा सांगा."

"उतशील, मातशील, वसा टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, टाकणार नाही."

"मग नाळ कापली त्या हातचं पाणी पी."

गजराबाईनं धुरपाला मागल्या दारी बोलावलं, तिच्या पाण्यात गोमूत्र शिंपडून प्याली. पोर पिईना. मग ओठ न लावता वरून घोट घेतला. पोर पिईना. मग मात्र गजराबाईला रडू फुटलं. भर दुपारी, साऱ्या आळीदेखत, सुनेला नि पोराला घेऊन ती धुरपाच्या दारी गेली.

"धुरपाक्का, पाणी दे गं."

"कुणाला? तुम्हांला, का तुमच्या सोवळ्याला?"

"सोवळं घरी ठेवून आले. घसा सुकलाय."

धुरपानं तांब्या भरून दिला. गजराबाई ओठ लावून घटाघटा प्याली, बूड दिसेपर्यंत. इकडे पोर चुटूचुटू पिऊ लागलं. तमाशा बघायला आलेल्या तिघीजणीही प्याल्या. एकीनं तर दुसऱ्यांदा मागितलं.

गजराबाई पदर सावरून लगबगीनं उठली. हात जोडून म्हणाली, "सटवाई मला पावली तशी समद्यांना पावो. साठां उत्तरांची कहाणी पांचांतच आटोपली, सुफळ संपूर्ण!"

धुरपा म्हणाली, "सुफळ म्हणा, पाटलीणबाई. संपूर्ण कशी? भाकर अजून तव्यावर हाय. बसा खाली."