बाहुलीचा दोर

बांधकामाला नजर लागू नये म्हणून बापूशेठनं सातव्या मजल्यावर काळी बाहुली टांगली. वाऱ्यानं पडू नये म्हणून तिला नव्या, जाड दोरानं सळईला आवळून बांधलं. चिंध्यांची बाहुली, पण काळजी केवढी! त्याच मजल्याबाहेर परांचीवर उभा राहून कौतिकाचा नवरा गिलावा करत होता, आणि त्याच्या कमरेला साधी सुतळीही नव्हती. खाली वाळू चाळणाऱ्या कौतिकाचा जीव टांगणीला लागलेला. पाठीवरचं तान्हं रडलं तरी तिची नजर वरून हलत नव्हती.

अशात शेठ फ्लॅटची गिऱ्हाइकं घेऊन आला. "आमचे मजूर एकदम खूश बघा! काय गं, खूश आहेस ना?"

"कामाला ना नाही, शेठ. पण ह्यांना सेफ्टीचा पट्टा द्या. मागून मागून जीभ झिजली."

शेठ हसला. "अगं वेडे, वर बाहुली आहे ना! ती असताना इथून कुणी पडायचं नाही."

कौतिकाच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी ती सावकाश म्हणाली, "मग तिचा दोर सोडा, शेठ, आणि नुसती काठावर बसवा. नाही पडली, तर मी पट्ट्याचं नाव काढणार नाही. जिला स्वतःलाच दोर लागतो, ती माझ्या माणसाला काय धरणार?"

गिऱ्हाइकं शेठच्या तोंडाकडे बघू लागली. शेठला काही दोर सोडवेना.

कौतिकानं वर बघून खच्चून हाक मारली, "अहो, सगळेच खाली या! शेठ पट्टे आणायला निघालेत."

मग शेठला निघावंच लागलं.