राणीची मोरी

एका राज्यात, तळ्याच्या काठी, राणी गुणवंतीचा महाल होता. राणीचा हात मोठा सढळ, पण तळणीचं उरलेलं तूप ती कढत कढत मोरीत ओती. घराण्याची रीतच तशी! एकदा तळणीला वापरलेलं तूप पुन्हा चुलीवर चढवणं म्हणजे दारिद्र्य, आणि देवापुढच्या दिव्यात घालणं म्हणजे तर घोर पाप. मोरी गिळते, आपल्याला काय! आता ही मोरी जाते कुठे, हे कोणी विचारलं का? छे, नाव नको!

एके सकाळी राणीनं कढई उपडी केली, तोच मोरीतून घुसमटलेला आवाज आला.

"मी तळ्याची जलदेवी. माझा गळा बुजवलास. आता तुझ्या लेकीचा बुजेल."

राणीच्या हातून कढई सुटली. ती अंगणात धावली, तो काय! राजकन्या हेमकळा जागच्या जागी उभी, पावलं पांढरीफटक, थिजलेल्या तुपासारखी गार. थिजणं बघता बघता गुडघ्यांवर चढलं. पोरीनं 'आई' म्हणायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना.

खिडकीत साळुंकी बसली होती. त्या राज्यात पक्षी बोलत.

"साळुंके, साळुंके, उपाय सांग."

"कामं तीन. तिन्ही तुझ्या हातची. दासीनं बोट लावलं तर लेक गेली. मोरीत थिजलेला तुपाचा गोळा उपस. वितळवून गाळ."

"आणि तिसरं?"

"आधी दोन कर."

राणीनं खांद्यापर्यंत हात मोरीत घातला. गोळा निघाला, केवढा? उखळाएवढा! त्यात आजेसासूच्या काळचंही तूप. शी शी, काय तो वास! दासी नाकाला पदर लावून पळाल्या. राणीनं तो मंद आचेवर वितळवला, फडक्यातून गाळला. थिजणं लेकीच्या गळ्याशी येऊन थबकलं, पण उतरेना.

"तूप कुठे टाकशील?" साळुंकी म्हणाली. "मातीत टाकलंस, पाण्यात टाकलंस, तर पुन्हा तेच. कुलदेवीच्या समईत घाल."

राजपुरोहित किंचाळले, "अब्रह्मण्यम्! राणीसाहेब, घराणं बुडेल!"

बालपणापासून पाप म्हणून शिकवलेलं ते! पण राणीनं लेकीकडे पाहिलं.

"बुडू दे. माझी लेक बोलू दे."

वात लागली. सगळ्यांनी डोळे मिटले. आभाळ काही कोसळलं नाही! ज्योत संथ जळू लागली. तळ्यात खळखळ झाली, आणि हेमकळेचं अंग वरून खाली मऊ होत गेलं. राणीनं तिला कवटाळलं.

"आई गं," लेक पहिलं वाक्य बोलली, "हाताला केवढा घाण वास येतोय तुझ्या!"

राणी हसली, रडली, पण मिठी सोडीना. त्या दिवसापासून त्या महालातलं तळणीचं तूप दिव्यांत जळू लागलं. तळं वाहतं झालं, लेक बोलती झाली. तशी ऐकणाऱ्याची मोरी वाहती राहो, लेक बोलती राहो.