अमात्यांचा डावा कान

न्याय देणाऱ्यापुढे त्याच्याच पक्षपाताची तक्रार आली, तर ती त्याने कशी ऐकावी, सांगा बरं, भिक्षूंनो?

पूर्वी चंपकनगरीत राजा महीपाल राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथे न्यायाचे अमात्य होते. येत्या पौर्णिमेला त्यांना महामात्यपद मिळायचे होते. त्यांच्यापुढे मातीच्या खाणीचा दावा आला. सोमिला नावाची विधवा कुंभारीण म्हणे, खाण माझ्या नवऱ्याची. दीर पिंगल म्हणे, माझी. खाण गेली तर सोमिलेचे चाक थांबणार होते.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अमात्य, रागावू नका, पण हा दावा तुम्ही चालवू नये. भावोजी बोलतात तेव्हा तुम्ही मान हलवता. मी बोलले की डोळे मिटून घेता. तुम्ही त्यांच्या बाजूचे आहात."

पिंगल हसला. "वहिनी, चाकाबरोबर डोकंही गरगरलं वाटतं!"

"हिला दंड करा," सभेत बसलेला राजा म्हणाला.

बोधिसत्त्वांनाही क्षणभर राग आला. वीस वर्षांत त्यांनी कुणाकडचा पानाचा विडाही घेतला नव्हता. पण आपण डोळे मिटतो, हे खरे होते. का मिटतो, हे त्यांनी कधी पाहिले नव्हते.

वादीने अमात्यांच्या डावीकडे आणि प्रतिवादीने उजवीकडे उभे राहायची रीत होती. त्यांनी दोघांना जागा बदलायला लावली. सोमिला उजवीकडून बोलली. शब्द न् शब्द कळला. मग पिंगल डावीकडून बोलू लागला, आणि नीट ऐकण्याच्या धडपडीत अमात्यांचे डोळे आपोआप मिटले.

सभेत कुणी हसले नाही.

"बाई, पक्षपात माझ्या मनात नव्हता, कानात होता," बोधिसत्त्व म्हणाले. "दोन दिवस मी तुझं अर्धंच ऐकलं आणि त्यावर मत बनवत आणलं. हा दावा मी चालवू नये, हेच बरोबर."

राजा त्यांच्या उजव्या कानाशी वाकला. "अहो, तिला उजवीकडे उभी करा न् संपवा! बहिऱ्याला महामात्य कसा करू मी?"

"करू नका, महाराज. पण आजवर जे माझ्या डावीकडे उभे राहून हरले, त्यांना परत बोलवा." आणि त्यांनी आपली अमात्यपदाची मुद्रा राजापुढे ठेवली.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आजचा स्थविर पुण्णदेव, सोमिला म्हणजे उपासिका खेमवती, आणि तो अमात्य मीच होतो. याला सत्यपारमिता, म्हणजे सत्यपालनाची परिपूर्णता, म्हणतात."

चंपकनगरीतल्या त्या सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या अमात्यांनी दावा पहिल्यापासून ऐकला. खाण पिंगलची ठरली. सोमिलेने निकाल मान्य केला आणि टोपली घेऊन ती माती शोधायला नदीकाठी गेली.