पाचव्या पायरीवरून परत

एका तालुक्याच्या गावी विश्वनाथराव डोईफोडे नावाचे नगराध्यक्ष होते. माणूस सचोटीचा आणि कष्टाळू. सकाळी सातला ते गावातून फेरी मारत आणि गटार तुंबलेले दिसले की माणसे बोलावून उभ्या उभ्या साफ करून घेत. दोष एकच होता. कोणी उणे दाखवले की त्यांना ते ऐकवत नसे. ते रागावत नसत. ते समजावून सांगत. नळाला पाणी का येत नाही, दिवा का लागत नाही, याची कारणे त्यांना तोंडपाठ होती. तक्रार घेऊन आलेला माणूस कारणे घेऊन परत जाई. काही वर्षांनी लोक यायचे थांबले.

विश्वनाथरावांनी गावासाठी नगरपालिकेचा दवाखाना बांधला. हवा चांगली म्हणून जागा टेकाडावर निवडली आणि दवाखान्याला आपल्या आईचे नाव दिले. दारापर्यंत चौदा काळ्या दगडी पायऱ्या केल्या. त्या गावातल्याच शिद्राम पाथरवटाने घडवल्या होत्या. पहिल्या पायरीवर आईचे नाव कोरले होते. पायऱ्यांच्या तळाशी सूचनांसाठी एक लोखंडी पेटी बसवली. दवाखान्याची वेळ सकाळी दहा ते एक ठेवली.

पहिल्या वर्षी रोज साठ-सत्तर रोगी येत. दुसऱ्या वर्षी पंचवीसही येईनात. पालिकेच्या अहवालात तक्रारींच्या रकान्यात दर महिन्याला एकच शब्द असे, ‘निरंक’. विश्वनाथराव सभेत म्हणाले, “गावाचं आरोग्य सुधारलं.” सभासदांनी बाके वाजवली.

दवाखान्यात शालन खरात नावाची परिचारिका होती. ती एकदा त्यांना म्हणाली, “साहेब, आजारी कमी झाले नाहीत. येणारे कमी झालेत.”

विश्वनाथरावांनी तिला अर्धा तास समजावून सांगितले. पुन्हा ती त्या विषयावर बोलली नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर शिद्राम पाथरवट वारला. जन्मभर दगड घडवून भुकटी छातीत बसली होती. विश्वनाथराव त्याच्या घरी भेटायला गेले. बायको यमुनाबाई भिंतीला टेकून बसली होती.

“यमुनाबाई, त्यांना दवाखान्यात का नाही आणलंत?” त्यांनी विचारले.

“आणलं होतं की,” ती म्हणाली. “पाचव्या पायरीवर बसले. दमच पुरंना. मी वर जाऊन सांगितलं, डॉक्टरांनी खाली येऊन बघावं. शिपाई म्हणाला, पेशंटला वर आणा. तक्रार असेल तर पेटीत टाका.”

“मग?”

“शेजारच्या पोरीकडून चिठ्ठी लिहून घेतली. टाकली पेटीत. महिनाभर वाट बघितली.”

तिच्या आवाजात राग नव्हता. बोलणे संपवून ती आलेल्या बायकांसाठी चहा ठेवायला उठली. विश्वनाथरावांना पायऱ्या चौदाच का, याचे कारण माहीत होते. ते त्यांनी सांगितले नाही.

तिथून ते थेट कचेरीत गेले. कारकुनाला बोलावून त्यांनी दवाखान्याच्या पेटीची किल्ली मागितली. कारकुनाने तीन खण धुंडाळले. किल्ली पेटीसोबत आलेल्या पुडक्यातच होती. पुडक्याची गाठ कोणी सोडली नव्हती.

“पेटी कधी उघडली नाहीत?”

“साहेब, पेटी लावायचा आदेश होता. उघडायचा नव्हता.”

“मग अहवालात निरंक कसं?”

“हातात काही आलं नाही, म्हणून निरंक.”

दवाखान्याशी जाऊन पाहिले तर पेटीचे कुलूप गंजले होते. ते फोडावे लागले. आत एकेचाळीस चिठ्ठ्या निघाल्या, काही वाळवीने खाल्लेल्या. विश्वनाथराव पायऱ्यांच्या कडेला बसून त्या वाचू लागले. कोणी लिहिले होते, ‘दहा वाजता आम्ही वीटभट्टीवर असतो, एक वाजताही तिथेच असतो.’ कोणी लिहिले होते, ‘सासूबाईंना उचलून आणायला दोन माणसे लागतात.’ यमुनाबाईची चिठ्ठी वरून तिसरी होती. ‘माझे मालक पायऱ्या चढू शकत नाहीत. डॉक्टरांनी खाली यावे, ही विनंती.’

डॉक्टरांना खाली यायला दोन मिनिटे लागली असती. शिद्राम वाचला असता का, हे कोणी सांगू शकत नव्हते. पण कोणीतरी त्याला तपासले असते.

एका कागदावर काहीच लिहिलेले नव्हते. नुसता काजळीचा अंगठा उठवला होता. विश्वनाथरावांनी तो शालनला दाखवला आणि विचारले, “याचा अर्थ काय?”

“लिहिता येत नाही, पण सांगायचंय,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून विश्वनाथराव वस्त्यांतून फिरू लागले. दवाखान्यात काय अडचण आहे, असे ते घरोघर विचारत. लोक हात जोडून म्हणत, “सगळं झकास आहे, साहेब.” चार दिवस हेच ऐकून त्यांनी कुंभारवाड्यात एका म्हाताऱ्याला विचारले, “बाबा, खरं का सांगत नाही कोणी?”

म्हातारा म्हणाला, “मागं सांगितलं होतं, तवा तुम्ही समजावलंत. आम्हाला समजलं. आता परत कशापायी सांगायचं?”

विश्वनाथरावांच्या ओठांवर उत्तर आले होते. त्यांनी ते गिळले आणि म्हणाले, “तुम्ही बोला. मी आज ऐकायलाच आलोय.” मग ते तासभर म्हाताऱ्याच्या ओट्यावर बसून राहिले. हळूहळू आजूबाजूच्या बायका जमल्या. ते मधे एकदाही बोलले नाहीत. एवढे गप्प राहणे त्यांना गटार उपसण्याहून जड गेले.

त्यांनी सभा बोलावली आणि दोन ठराव मांडले. एक, दवाखाना संध्याकाळीही दोन तास उघडा ठेवावा. दोन, पायऱ्यांचा अर्धा भाग फोडून तिथे उतार करावा, म्हणजे रोग्याला ढकलगाडीवरून नेता येईल. पहिला ठराव लगेच मंजूर झाला. दुसऱ्यावर सभासद घुटमळले. शेवटी एक जण म्हणाला, “साहेब, उतार करायचा तर पहिली पायरी फुटते. मातोश्रींचं नाव त्याच दगडावर आहे.”

विश्वनाथरावांची आई जाऊन सहा वर्षे झाली होती. त्या पायरीवरून जाताना त्यांनी कधी नावावर पाय ठेवला नव्हता. वळसा घालून ते दुसऱ्या पायरीवर चढत.

“फोडा,” ते म्हणाले. “तिच्या नावाला नमस्कार करून माणसं परत जातात. ते तिला चाललं नसतं.”

महिन्याभरात उतार झाला. तळाशी त्यांनी एक फळा लावला. त्यावर तीन गोष्टी लिहायचा नियम केला. कोणी काय सांगितले, त्यावर काय केले, आणि जे झाले नाही ते का झाले नाही. पहिली ओळ त्यांनी स्वतः लिहिली, ‘यमुनाबाई पाथरवट यांनी सांगितले. आम्ही उशिरा ऐकले. उतार केला आहे.’ खाली दुसऱ्या डॉक्टरची मागणी होती. तिच्यापुढे लिहिले, ‘अजून जमलेले नाही. सरकारकडे मागणी केली आहे.’ दर सोमवारी सर्वांसमोर पेटी उघडायची असेही ठरले. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे बोलणे शालन उतरवून घेऊ लागली.

पहिल्या सोमवारी तीन चिठ्ठ्या निघाल्या. फळ्यावर उत्तरे आली तशा पुढच्या सोमवारी अकरा आल्या. मग लोक दवाखाना सोडून रस्त्याचे, शाळेचे, बाजाराचेही सांगू लागले. काही तक्रारी खोट्या निघाल्या, काही शेजाऱ्याच्या भांडणातल्या होत्या. बऱ्याचशा खऱ्या होत्या. वर्षाअखेरीस आकडा तीनशेवर गेला.

उपाध्यक्ष काळजीने म्हणाले, “साहेब, तुम्ही लोकांना तोंड दिलंत. तक्रारी किती वाढल्या बघा.”

“तोंड त्यांना आधीपासून होतं,” विश्वनाथराव म्हणाले. “आपल्याला कान नव्हता.”

त्या वर्षी दवाखान्यात रोज ऐंशी रोगी येऊ लागले. अहवालात कोणी लिहिले नाही की गावाचे आरोग्य बिघडले.

पावसाळ्यात एके दिवशी यमुनाबाई कचेरीत आली. डोक्यावर पोत्याची खोळ होती. ती म्हणाली, “साहेब, उतार निसरडा झालाय. काल एक बाई घसरली. दगड फार गुळगुळीत बसवलाय. त्याला टाकीचे घाव घालून खरबरीत करायला हवा.”

“यमुनाबाई, त्याचं असं आहे, तो दगड इंजिनिअरनं…” विश्वनाथरावांनी सुरुवात केली आणि ते थांबले.

त्यांनी खुंटीवरची छत्री घेतली. “चला, कुठं घसरतंय ते दाखवा.”

ती पुढे निघाली आणि ते तिच्या मागोमाग चालू लागले.

तात्पर्य: तक्रार नाही म्हणजे त्रास नाही असे समजू नये, ऐकणारा आणि ऐकलेले करून दाखवणारा भेटला, तरच लोक बोलतात.