गाळणी आणि पातेलं

"सर, इतकी वर्षं हा चाललाच कसा?"

श्रीरंगनं लॅपटॉपवरून मान वर केली. वाईच्या वाचनालयाचा हा प्रोग्रॅम त्यानंच लिहिला होता, वाचनालय सांभाळणाऱ्या सबनीस सरांकडे शिकत असताना, मिसरूडही न फुटलेल्या वयात. पुस्तक देण्याचं काम प्रोग्रॅममधला एक धागा, म्हणजे थ्रेड, करी, परत घेण्याचं दुसरा, दोन्ही एकाच वेळी. आणि मधेच कधीतरी सगळं ठप्प होई.

"अडकतो... मग बंद करून पुन्हा सुरू करतो," सर म्हणाले.

"नुसता गुंता आहे. माझ्या हाताखालच्या पोरानं असं लिहिलं असतं, तर घरी पाठवलं असतं."

सर काही बोलले नाहीत...

हे न बोलणं जुनंच. प्रोग्रॅम त्यानं नाचत आणून दाखवला होता, तेव्हाही सर एवढंच म्हणाले होते, "बरं, ठेव." श्रीरंग रुसून पुण्याला गेला तो गेलाच. तिथे लोक तोंडभरून कौतुक करत. त्याचे कान मात्र सरांच्या एका 'छान'साठी आसुसलेले राहिले. आता सरांचा निरोप आला, "प्रोग्रॅम अडकतोय, जमलं तर ये." पठ्ठ्या मिळेल ती एसटी धरून हजर.

पण चूक काही सापडेना. एकेकटे चालवून पाहिले की दोन्ही थ्रेड शहाण्यासारखे वागत.

सरांनी चहा उकळला. श्रीरंगनं लगबगीनं पातेलं उचललं. तोवर गाळणी सरांच्या हातात.

"आण इकडे. मी गाळतो. तू पाहुणा."

"तुमच्यापुढे मी कसला पाहुणा? गाळणी द्या, सर."

"आधी पातेलं."

"आधी गाळणी."

सर हटेनात. हाही हटेना...

चहावर साय धरली.

श्रीरंग एकदम थबकला. पुस्तक देणारा थ्रेड सभासदाचं खातं धरून पुस्तकाची वाट पाहत होता. परत घेणारा पुस्तक धरून खात्याची वाट पाहत होता. हातातलं कुणीच सोडत नव्हतं.

"दोघांनीही आधी पातेलंच धरायला हवं," तो पुटपुटला. "ज्याला मिळेल तो गाळेल. दुसरा रिकाम्या हातानं थांबेल."

सरांनी मान डोलावली.

त्यानं सरांच्या हातातल्या गाळणीकडे पाहिलं.

"सर... तुम्हाला ठाऊक होतं."

"हं."

"कधीपासून?"

"तू आणून दाखवलास, त्याच दिवशी."

"मग दुरुस्त का नाही केलात?"

सरांनी त्याच्या हातून पातेलं घेतलं, निवलेला चहा दोन कपांत गाळला आणि एक कप त्याच्यापुढे सरकवला.

"मग तू आला असतास?"